पाहुणा कोणाच्या पिशवीत

९ फेब्रुवारी

स्ट्रुआन गेडिसने विजेवर चालणारी सायकल घेतली. मला त्याने सांगितलं नाही. नेव्हने सांगितलं, तेही खताच्या दुकानात उभ्या उभ्या, कुणाच्या तरी मेंढ्या विकल्या गेल्याची बातमी द्यावी तसं. मी म्हटलं, थट्टा करतोस. तर म्हणाला, नाही रे, चांगली आहे, निळी आहे.

निळी आहे. म्हणजे झालंच.

आम्ही तिघे रेल्वेच्या एकाच गँगमध्ये होतो. ओमाकाउपासून रॅनफर्लीपर्यंतचा रूळ आमच्या ताब्यात. मी मुकादम, ते दोघे माझ्या हाताखाली. लाइन बंद झाली तेव्हा रूळ उखडायलाही आम्हालाच लावलं. ज्यांनी पोर वाढवलं त्यांच्याच हातात खड्डा खणायला फावडं द्यावं, तसा तो प्रकार होता. आता त्याच वाटेवर बारीक खडी पसरून सायकलींचा रस्ता केलाय आणि ऑकलंडचे वकील भाड्याच्या सायकलींवर, गादीच्या चड्ड्या घालून, "किती शांत आहे नाही" म्हणत जातात. त्यांचं काही नाही. त्यांनी इथल्या रुळाखालचा एक स्लीपरही उचललेला नाही, त्यांना काय बोलायचं. पण दर मार्चमध्ये एक दिवस आम्ही तिघे ओमाकाउपासून ओटुरेहुआपर्यंत जातो, आणि तो दिवस आमचा असतो. त्या दिवशी आपल्या पायांनी जायचं. एवढं एकच मी मागतो.

बायको ब्रिस्बेनला लेकीकडे गेली ती गेलीच. फोनवर अजून "पुढच्या महिन्यात येते" चालू आहे. मला आता वर्षातला हा एक दिवस उरलाय, आणि त्यालाही कुणी मोटार लावत असेल तर मला राग येणारच.

१७ फेब्रुवारी

रेविनचा फोन. स्ट्रुआनची बायको. सहसा ती फोन करत नाही. आधी हवापाणी झालं, मग म्हणाली, यंदा तुम्ही लॉडरपर्यंतच जा ना, पुढे कशाला. मी विचारलं, स्ट्रुआन म्हणाला का असं? तर नाही, मीच म्हणतेय. मग म्हणाली, नाहीतर मी येते तुमच्याबरोबर, मागे मागे राहीन.

मी सांगितलं, हा गँगचा दिवस आहे. तू गँगमध्ये नव्हतीस. तू नेहमीसारखी गाडी घेऊन ओटुरेहुआला ये, आम्हाला न्यायला.

मग म्हणाली, "तू काही बदलणार नाहीस, लिंडसे." मी म्हटलं, नाही बदलणार. कुणीतरी नको का तसं राहायला?

२६ फेब्रुवारी

ओमाकाउला जाऊन सायकल पाहिली. निळी आहे, हे खरं. अंगाने गाभण मेंढीसारखी जाड. स्ट्रुआन म्हणाला, बसून तर बघ. मी बसलो नाही.

माणूस सुखावलाय हे दिसतंच. हिवाळ्याचं सरपण यंदा विकत आणलंय, तेही फोडलेलं. हा तोच स्ट्रुआन, जो वाकून कुऱ्हाड मारताना मध्ये थांबला तर मी त्याला म्हातारी म्हणायचो. आता अंगणातल्या खुर्चीवर बसून बोलतो, पाय स्टुलावर. घोटे सुजलेले दिसले. बसून बसून सुजणार नाहीत तर काय? वर तोंडात मधेच कसलंसं फवारतो, छोटीशी बाटली आहे, जिभेखाली. मी विचारलं, कुणाचा मुका घ्यायला निघालास या वयात? तो हसला. रेविन मात्र हसली नाही, ती आत गेली.

ती आत गेल्यावर तो म्हणाला, "लिंडसे, तुला एक सांगायचं होतं." मी म्हटलं, मला माहीत आहे काय सांगायचंय, मोटार किती छान, चढ कसा जाणवत नाही, सगळं नेव्हने ऐकवलंय. मग मी त्याला पाऊण तास सुनावलं. पुरामध्ये पुलाखाली छातीएवढ्या पाण्यात उभं राहून आपण स्लीपर बसवले, तेव्हा मोटार होती का, वगैरे. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "राहू दे." आणि परत हसला. हा माणूस कशावरही हसतो, पहिल्यापासून.

८ मार्च

नेव्ह येऊन गेला. माझे दोन चीज रोल खाल्ले आणि घशात हाड अडकल्यासारखा बसून राहिला. निघताना दारात म्हणाला, या खेपेला जरा सावकाश जाऊ या. मी म्हटलं, का, तुलाही मोटार हवीय? तर म्हणाला, नाही, वारा असणार आहे. जसं काही आयडा व्हॅलीत कधी वारा नसतो.

सगळे स्ट्रुआनच्या बाजूने झालेत. ठीक आहे. पाहुणा माझ्याकडे आहे.

पाहुणा म्हणजे फिशप्लेट. दोन रूळ जोडायची लोखंडी पट्टी, या लाइनवरून उखडलेली अगदी शेवटची. रूळ निघाले त्या दिवशी नेव्हने ती गुपचूप माझ्या डब्याच्या पिशवीत घातली होती आणि मी ती घरापर्यंत वाहून नेली होती. तेव्हापासून हा खेळ चालू आहे. सायकलीच्या दिवशी पाहुणा लपवून दुसऱ्याच्या पिशवीत घालायचा. वाटेत सापडला तर ब्रही काढायचा नाही, संधी साधून तिसऱ्याच्या पिशवीत सरकवायचा. ज्याच्या घरी तो पोचेल त्याने वर्षभर सांभाळायचा, घासूनपुसून खिडकीत ठेवायचा. सलग दोन वर्षं तो माझ्या खिडकीत बसलाय. यंदा तो निळ्या सायकलीवर बसेल. वजन आहे, चढावर कळतंच. मोटारीलाही कळू दे.

१५ मार्च, ओमाकाउ, स्ट्रुआनकडे

दरवर्षीप्रमाणे आदल्या रात्रीचा मुक्काम इथे. रेविनने मटण भाजलं होतं, पुदिन्याची चटणी होती, सगळं नेहमीसारखं. स्ट्रुआनने मात्र ताटात नुसतं इकडचं तिकडे केलं. रेविन त्याच्या मागे लागली होती, गोळ्या घेतल्यास का, सायकल लावलीस का चार्जिंगला. तो म्हणाला, घेतल्या, लावली. एवढ्या मोठ्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं विचारायचं म्हणजे कमाल आहे.

जेवणानंतर टायर बघून येतो म्हणून मी गॅरेजमध्ये गेलो. पाहुणा त्याच्या पिशवीत अगदी तळाशी ठेवला, त्याच्याच रेनकोटात गुंडाळून. सायकल भिंतीशी उभी होती, चार्जरवर लाल दिवा. पूर्ण भरली की तो हिरवा होतो, असं त्याने मागे कौतुकाने दाखवलं होतं.

मी पिन काढली. सगळी नाही, अर्धवट. लांबून लावलेली दिसेल अशी. दिवा विझला. उद्या बघू, निळी घोडी किती पळते. लॉडरच्या पुढे तरी हा माझ्याबरोबर पायांनी येईल. मला बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. बऱ्याच दिवसांनी काहीतरी जुन्यासारखं केलं.

१६ मार्च, रॅनफर्ली, घरी

नीट, क्रमाने लिहितो.

सकाळी गॅरेजमध्ये तिघेच होतो. स्ट्रुआनने सायकलीच्या हँडलवरचा बॅटरी दाखवणारा छोटा पडदा चालू केला, त्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टायरमध्ये हवा भरत होतो. वाटलं, आता बोलणार. पण त्याने पायाने ती वायर भिंतीकडे सारली आणि म्हणाला, "चल मुकादम." इतक्या वर्षांत त्याने मला मुकादम म्हटलं नव्हतं. मला आवडलं.

लॉडरपर्यंत मजा आली. ऊन होतं, पॉपलर पिवळे झाले होते, वाटेत ऑकलंडवाल्यांचा एक कळप लागला, त्यांना घंटी वाजवून बाजूला काढलं. स्ट्रुआन मोटारीवर सुळसुळ येत होता आणि नेव्ह सारखा त्याच्या बाजूला, जसा काही तो पडणारच आहे. लॉडरला मी म्हटलं, थांबायचं नाही. नेव्ह म्हणाला, थांबू या. स्ट्रुआन म्हणाला, "मुकादमाचं ऐक."

पुढे घळीपर्यंत चढ आहे. रेल्वेचा चढ तो, डोळ्यांना दिसत नाही पण मांड्यांना कळतो. तिथे मी पुढे होतो. उंच पुलावर मागे वळून पाहिलं तर ते दोघे बारीक दिसत होते. मी वाट पाहत उभा राहिलो. कुणी मागे राहिलं की मला तेव्हाही राग यायचा.

पहिल्या बोगद्यापाशी उतरून सायकली हातात घेतल्या. आत काळोख असतो. टॉर्च माझ्या पिशवीत होता. स्ट्रुआन म्हणाला, थांब, तू सायकल धर, मी काढतो. माझ्या मागे बराच वेळ खुडबुड करत होता. मी म्हटलं, टॉर्च काढतोयस की अंथरूण घालतोयस? तो फिसकन हसला.

बोगद्याच्या मधोमध तो थांबला आणि भिंतीला टेकला. इथे आपण डबा खायचो, म्हणाला. मी म्हटलं, हो, आणि तू नेहमी नेव्हची अंडी खायचास. त्याने हात विटांवर ठेवला होता, काढेचना. म्हणाला, "बाहेर गरम असलं तरी इथे किती गार असायचं. तू दहा मिनिटांत उठवायचास." मी म्हटलं, दहा नाही, वीस. तो म्हणाला, "बरं, वीस." मग बाटली काढून तोंडात फवारलं. नेव्ह त्याच्याकडे बघत होता. मी म्हटलं, चला.

बोगद्याच्या पलीकडे मोटार मेली. पडदा काळा. मी तोंड फिरवून घेतलं, कारण मला हसू येत होतं. नेव्हने लगेच फोन काढला, घळीत तो लागत नाही. म्हणाला, मी पुढे ऑरिपोला जाऊन रेविनला गाडी घेऊन बोलावतो. स्ट्रुआन म्हणाला, गाडी नको. नेव्ह म्हणाला, अरे पण. स्ट्रुआन म्हणाला, "नेव्ह, गप्प बस."

तेव्हा मी म्हटलं ते असं होतं, "मोटार बंद पडली म्हणून माणूसही बंद पडतो का? बसा आता घोडीवर, गेडिसबाई." नेव्हने माझ्याकडे असं पाहिलं, की तो मारतो की काय. स्ट्रुआन सायकलीवर बसला.

आयडा व्हॅलीत वारा होताच. हॉकडनच्या डोंगरावरून उतरून थेट तोंडावर. तिथे रस्ता सरळ, आडोसा काही नाही. वाऱ्यात आम्ही पाळीपाळीने पुढे राहतो, म्हणजे मागच्यांना आडोसा होतो. मी म्हटलं, आज पाळी नको, सबंध रस्ता मीच पुढे राहतो, तुम्ही दोघे मागे या. हे मी केलं, हे इथे लिहून ठेवतो. स्ट्रुआनला सगळ्यात मागे ठेवलं.

आणि माझी सायकल जड लागत होती. इतकी की मी उतरून ब्रेक घासतोय का ते पाहिलं. घासत नव्हता. वाटलं, आलं म्हातारपण, तेही आजच आलं. स्ट्रुआन मागून म्हणाला, "काय मुकादम, जड जातंय का?" आवाज बारीक झाला होता पण हसत होता. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा हलकं जातंय. तो इतका हसला की त्याला खोकला आला आणि थांबावं लागलं. त्यानंतर तो पुष्कळदा थांबला. मी मोजलं नाही. चिडलो मात्र, एकदा दोनदा.

ओटुरेहुआला पबच्या बाहेर बाकावर रेविन बसली होती. स्ट्रुआन उतरला, सायकल तशीच पडू दिली आणि बाकावर बसला. तोंडाचा रंग मेणबत्तीसारखा. रेविनने त्याच्याकडे पाहिलं, मग सायकलीचा काळा पडदा पाहिला. चार्जिंगला लावली नव्हतीस का, म्हणाली. तो म्हणाला, "विसरलो."

रेविन कधी आवाज चढवत नाही. आज चढवला, सगळ्या टुरिस्टांच्या देखत. "मूर्ख माणसा. एकच गोष्ट सांगितली होती तुला. एकच."

मी म्हटलं, नवराबायकोचं आहे, आपण कशाला मध्ये. मी बिअर आणायला आत गेलो. तीन ग्लास घेऊन बाहेर आलो तर गाडी गेलेली. नेव्ह एकटा उभा होता, एका हातात आपली, एका हातात स्ट्रुआनची सायकल धरून.

तेव्हा त्याने सांगितलं. हृदय. जुलैपासून. डॉक्टरने सायकल चालवू दिली ती फक्त मोटारीवर, हळू, मोजून. चढ नाही, वारा नाही. नेव्हला माहीत होतं. रेविनला तर होतंच. खताच्या दुकानवाल्यालाही माहीत असेल. सगळ्या खोऱ्याला माहीत होतं आणि मुकादमाला कुणी सांगितलं नाही.

मी ते तीनही ग्लास बाकावर ठेवून आलो.

१७ मार्च

त्याला इथल्या दवाखान्यातून हेलिकॉप्टरने डनीडिनच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मी रेविनला फोन केला नाही. काय म्हणून करू? ज्या माणसाबरोबर मी निम्मं आयुष्य खडी टाकली, त्याचं हृदय फुटायला आलंय हे मला बिअरच्या ग्लासांसकट उभं राहून कळतं. मित्र म्हणे.

१९ मार्च

स्ट्रुआन आज सकाळी गेला.

वारा फारच होता त्या दिवशी. नेव्हने लॉडरला त्याला धरून बसवायला हवं होतं. रेविनने त्याला घराबाहेर सोडायलाच नको होतं, माहीत होतं तर. आणि ती जाड सायकल, मोटार बंद पडली की ती ओढायला बैल लागतो. साध्या सायकलीवर असता तर निभावला असता. कुणी साधी सायकल ने म्हणालं नाही त्याला.

मी म्हणत होतो.

२१ मार्च

पिशवी तशीच पडून होती, आज रिकामी केली. तळाशी पाहुणा निघाला. स्ट्रुआनच्या रेनकोटात गुंडाळलेला.

आधी मी हसलो. एकटाच, स्वयंपाकघरात, मोठ्याने. टॉर्च काढतो म्हणे. सबंध आयडा व्हॅली मी ते लोखंड ओढलं आणि तो मागे बसून मजा बघत होता. जड जातंय का मुकादम. पिशवीत पाहुणा सापडल्यावर त्याने नियम पाळला, अवाक्षर काढलं नाही. त्याच्या छातीत जे चाललं होतं ते चाललेलं असताना काळोखात ते ओझं उचलून त्याने माझ्या पिशवीत घातलं.

म्हणजे बोगद्यानंतर ते वजन त्याच्यावर नव्हतं. हे पक्कं. पाहुण्याने त्याला काही केलेलं नाही. तो मी खिडकीत ठेवला, पुसून. रेनकोट दाराला टांगलाय. त्याला स्ट्रुआनच्या घराचा, धुराचा वास येतो.

दुसरं काही आज लिहीत नाही.

२४ मार्च

अंत्यविधी. चर्च भरलं होतं. बोलायला नेव्हला सांगितलं, मला नाही. चांगला बोलला. अंड्यांची गोष्ट सांगितली, लोक हसले.

नंतर हॉलमध्ये चहा आणि सँडविच. सगळ्यांच्या तोंडी एकच, सायकल चार्जिंगला लावायला विसरला. पाद्रीसुद्धा म्हणाला. माझ्या शेजारी एक बाई दुसरीला सांगत होती, बघा, एवढ्याशा विसरण्याने माणूस गेला, आमचे हेही असेच विसराळू आहेत. मी सँडविच खात होतो. काकडीचं होतं.

स्ट्रुआन कधी काही विसरायचा नाही. गँगमध्ये हत्यारं मोजून ठेवायचं काम मी त्यालाच द्यायचो. हे मला तिथे मोठ्याने सांगावंसं वाटत होतं. सांगितलं नाही, कारण मग कुणीतरी पुढचं विचारलं असतं.

रेविन दाराशी उभी राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होती. माझाही घेतला.

२ एप्रिल

चार दिवस मी वाक्य तयार करत होतो. पाठ केलं होतं. रेविन, तो विसरला नव्हता, पिन मी काढली होती. एवढंच. गाडी चालवताना मोठ्याने म्हणून पाहिलं, जमत होतं.

तिने मागच्या दाराने आत घेतलं, चहा ठेवला. टेबलावर त्याच्या गोळ्यांचे डबे अजून होते. मी म्हटलं, मला बोलायचंय. ती म्हणाली, "आधी मला बोलू दे. कुणाशी बोलले नाही मी. तू रागावला असशील, तुला सांगितलं नाही म्हणून."

मी म्हटलं, नाही.

"त्यानेच सांगू नका म्हटलं होतं. म्हणायचा, सगळे मला खुर्ची पुढे करतात, दार उघडून धरतात, लिंडसे तेवढा अजून शिव्या देतो. तेवढं राहू द्या."

मी कपाकडे बघत होतो.

"दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्याला बोलत होते, माहीत आहे? सबंध रस्ताभर. विसरलास कसा, माझा तरी विचार करायचास, तुझ्याने एवढंही होत नाही. तो हसत होता. डनीडिनला, नळी घालायच्या आधी, म्हणाला, लिंडसेवर रागावू नकोस. मी म्हटलं, लिंडसेवर कशाला रागावू, मी तुझ्यावर रागावलेय." तिने हात टेबलावर सपाट ठेवले. "मग नळी घातली. मग तो बोललाच नाही. माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं ते. रोज सकाळी उठते आणि तेच ऐकू येतं. एका पिनेपायी मी त्याला असं बोलले."

आता सांगायचं, हे मला कळत होतं. आता सांगितलं तर तिच्या उरावरचा धोंडा निघाला असता. तो धोंडा तिचा नाहीच. सबंध खोऱ्यात हे मला एकट्याला माहीत होतं. स्ट्रुआनला माहीत होतं, पण तो तर सांगून गेला होता, त्याच्या पद्धतीने, आणि तिला ते कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "रेविन."

तिने मान वर केली. डोळे लाल होते, पण माझ्याकडे अगदी विश्वासाने बघत होती, आता हा काहीतरी चांगलं बोलेल म्हणून.

मी म्हटलं, "चहा छान झालाय."

ती थोडं हसली. म्हणाली, "तू काही बदलणार नाहीस."

निघताना तिने गॅरेज उघडलं. सायकल तू ने, म्हणाली, माझ्या डोळ्यांसमोर नको, आणि त्यालाही तूच नेलेली आवडेल. मी नको म्हणत होतो, तेवढ्यात तिने ती गाडीत चढवायला एका बाजूने धरलीसुद्धा. मग आत जाऊन चार्जर घेऊन आली, वायर नीट गुंडाळलेली. तो माझ्या हातात देताना म्हणाली, "लावायला विसरू नकोस हं."

नाही विसरणार, म्हटलं.

३ एप्रिल

सायकल शेडमध्ये लावली आहे, माझ्या सायकलीच्या शेजारी. तिच्या पिशवीत काही नव्हतं, मी सगळे कप्पे पाहिले. पाहुणा खिडकीतच आहे. पुढच्या वर्षी तो कुणाच्या पिशवीत घालायचा, हा प्रश्नच आहे. नेव्ह म्हणतो, आता दिवसबिवस पुरे. माझ्याशी तो फारसा बोलत नाही. त्याच्या मनात काय आहे मला माहीत नाही. त्यानेही त्या सकाळी स्ट्रुआनला भिंतीकडे बघताना पाहिलं होतं.

काल आल्या आल्या चार्जर लावला होता. आज सकाळी जाऊन पाहिलं, दिवा हिरवा झाला होता. मी त्यावर बसणार नाही, त्यामुळे आता त्याची काही गरज नाही. वीज फुकट जातेय.

मी पिन काढली नाही.